पाणी उतरतं, माणसं चढतात

फ्रीटाउनचं विमानतळ फ्रीटाउनमध्ये नाही. ते खाडीच्या पलीकडे आहे आणि त्या गावाचं नाव लुंगी. तिकिटावर हे नाव वाचल्यापासून घरात जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले होते. ऑगस्टातल्या एका रात्री प्रत्यक्ष तिथे उतरले, तेव्हा मात्र हसायला सवड मिळाली नाही. विमानतळावरून जेट्टी आणि जेट्टीवरून स्पीडबोट असा शहरात शिरायचा रस्ता. बोटीला वर छप्पर होतं आणि बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे. ते पडदे वाऱ्याने असे फडफडत होते की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. पाऊस आडवा येत होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी आपल्या डोक्याच्या फडक्याचं एक टोक सोडून माझ्या मांडीवरच्या पिशवीवर टाकलं आणि म्हणाल्या, ‘आव फो डू?’

इथल्या क्रिओ भाषेतले मला कळलेले हे पहिले शब्द. अर्थ साधा : काय करणार? पुढच्या दहा दिवसांत ते मी इतक्यांदा ऐकले की शेवटी माझ्याही तोंडून आपोआप निघू लागले. वीज गेली, आव फो डू. रस्ता वाहून गेला, आव फो डू. कोकणात आमची आजी ‘चालायचंच’ म्हणायची तोच सूर.

खाडी ओलांडताना पलीकडे दिवे दिसतात. आधी पाण्याच्या रेषेवर, मग त्याच्या वर, मग आणखी वर. अंधारात डोंगर दिसत नसल्यामुळे ते दिवे आभाळातच लोंबकळल्यासारखे वाटतात. पश्चिम आफ्रिकेची बाकीची मोठी किनारी शहरं, म्हणजे आक्रा, लागोस, कोटोनू, बरीचशी सपाटीवर पसरलेली आहेत. सिएरा लिओनची ही राजधानी मात्र डोंगर थेट समुद्रात उतरतो त्याच्या पायथ्याशी वसली आणि हळूहळू त्याच्या अंगावर चढत गेली. या डोंगररांगेमुळेच देशाला नाव मिळालं. 1462 च्या सुमारास पेद्रू द सिंत्रा हा पोर्तुगीज दर्यावर्दी इथून गेला आणि त्याने नकाशावर ‘सिंहांचे डोंगर’ असं लिहून ठेवलं. डोंगराचा आकार सिंहासारखा वाटला म्हणून, असं काही जण सांगतात. पावसाळ्यात त्या कड्यांवर गडगडाट घुमतो तो डरकाळीसारखा वाटला म्हणून, असं दुसरे सांगतात. दुसरी गोष्ट खरी असो वा नसो, ऑगस्टात रात्री दोन वाजता खोलीत जाग आल्यावर ती पटते.

इथल्या पावसाचं गणित कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दक्षिण अटलांटिकवरून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात, नैर्ऋत्येकडून जमिनीवर येतात. आपल्याकडे राजस्थान-सिंधच्या तापलेल्या जमिनीचं जे काम, ते इथे सहारा करतो. मग वाटेत डोंगर आडवा आला की ढग रिकामे होतात. फ्रीटाउनच्या द्वीपकल्पावरचं सर्वांत उंच शिखर, पिकेट हिल, नऊशे मीटरलाही थोडं कमीच. पण समुद्राला इतकं लागून असल्यावर तेवढं पुरतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. याच किनाऱ्यावर थोडं पुढे, लायबेरियाच्या मन्रोव्हियात याहूनही बराच जास्त. आणि आणखी पूर्वेला आक्र्यात वर्षाकाठी आठशेसुद्धा नाही. तिथे ऑगस्टात चक्क उघडीप असते. एकाच समुद्राकडे तोंड करून बसलेली ही शहरं, पण एकाच्या छत्र्या वाळत घातलेल्या असतात तेव्हा दुसऱ्याचे मोजे आठवडाभर वाळत नाहीत.

मे आणि ऑक्टोबरात वळवाचा पाऊस : वारा, वीज, उडालेले पत्रे, तासाभरात सगळं शांत. मधले दोन महिने झड. पहाटेपासून रिपरिप, दुपारी जोर, संध्याकाळी थोडा दम, रात्री पुन्हा. कपड्यांना तोच कुबट वास, भिंतींवर तेच शेवाळ, चपलेखाली तीच तांबडी जांभ्याची माती. पहिल्या सकाळी खिडकी उघडली तर पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या आणि समोर आंब्याचं झाड. क्षणभर आपण नक्की किती प्रवास केला याचा मला संशय आला.

संशयात भर घातली ती रिक्षेने. इथे तिला ‘केके’ म्हणतात. लमली भागातल्या चौकात हात केला, थांबली, आत शिरले आणि नाकाला ओळखीचा वास आला : ओलं रेक्झिन, पेट्रोल, ड्रायव्हरचा घाम. पावसासाठी दोन्ही बाजूंना तेच जाड प्लॅस्टिक, खालच्या कोपऱ्यात दोरीने बांधलेलं. पुढे पत्र्यावर बजाजचं नाव. मी भारतातून आले म्हटल्यावर ड्रायव्हरने हँडलवर थाप मारली आणि हसला. या गाड्या आमच्या वाळूजला बनतात, तिथून चारेक तासांवर माझं माहेर, हे त्याला सांगायचा मी प्रयत्न केला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्याने फक्त विचारलं, तुमच्याकडे चढावर पहिला गिअर असाच अडकतो का? मी हो म्हटलं. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली.

चौकात एक बाई छत्रीखाली निखारे फुलवून मक्याची कणसं भाजत होती. या दिवसांत शहरभर कणसंच कणसं. मी सवयीने लिंबू-तिखटाची खूण केली. ती इतकी हसली की शेजारच्या दोघी बघायला आल्या. इथे कणीस नुसतंच खातात. तिचंही बरोबर होतं : कोवळं नसलेलं, दाताला लागणारं, खमंग कणीस, त्याला वर काही लागत नव्हतं. जेवण मात्र भाताचं. कसाव्याची पानं कुटून, पाम तेलात मासे किंवा मांस घालून केलेली दाट भाजी आणि भाताचा डोंगर. दुसरं काही कितीही खाल्लं तरी भात पोटात गेला नाही तर ‘आज मी जेवलोच नाही’ असं म्हणणारी ही माणसं. या भाताची एक काळी बाजूही आहे. खाडीतून वर गेलं की बन्स बेट लागतं. तिथल्या इंग्रजी किल्ल्यातून अठराव्या शतकात जी माणसं गुलाम म्हणून अमेरिकेला विकली गेली, त्यांतली बरीच दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या भातखाचरांवर गेली. या किनाऱ्यावरच्या लोकांना भातशेती येते, म्हणून तिथल्या मळेवाल्यांकडून त्यांना जास्त मागणी होती.

फ्रीटाउन हे नाव त्याच व्यापाराला दिलेलं उत्तर. पण ते उत्तर पहिल्या खेपेला पावसाने पुसून टाकलं, आणि ही गोष्ट मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती. लंडनमधल्या गरीब कृष्णवर्णीयांना इथे वसवायचं ठरलं होतं. निघायचं होतं आधीच्या हिवाळ्यात. याद्या, सामान, परवानग्या यांत महिने गेले आणि जहाजं एप्रिल 1787 मध्ये निघाली. सुमारे चारशे माणसं मे महिन्यात उतरली, म्हणजे नेमकी मृगाच्या तोंडावर. घरं बांधलेली नव्हती, शिडाच्या कापडाचे तंबू होते, पेरणीची वेळ टळत चालली होती. मग झड लागली. ताप आणि हगवणीने त्या एका पावसाळ्यात माणसं पटापट गेली. अडीच वर्षांत उरलेली वस्तीही स्थानिक राजाशी झालेल्या भांडणात जाळली गेली. आजचं शहर धरतात ते 1792 पासून : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढून मुक्त झालेले सुमारे बाराशे जण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून पंधरा जहाजांनी मार्चमध्ये इथे आले. त्यांनाही पहिला पावसाळा जड गेला, पण ते टिकले.

1807 मध्ये इंग्लंडने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्यानंतर आरमार समुद्रात गुलामांची जहाजं पकडू लागलं आणि त्यांतली माणसं इथे आणून उतरवू लागलं. पुढच्या काही दशकांत अशी 80 हजारांहून अधिक माणसं आली. त्यांच्या नोंदवह्या अजून आहेत. प्रत्येकासमोर नाव, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा, आणि फूट-इंचात उंची. या लोकांना शहराभोवतीच्या डोंगरांत वसवलं गेलं. म्हणून आज रिक्षावाला तुम्हाला रीजंट, ग्लॉस्टर, लेस्टर, शार्लट, बाथर्स्ट, वॉटर्लू अशा गावांतून नेतो आणि इंग्लंडच्या बोजड नावांच्या पाट्यांखाली केळीच्या बागा आणि लाकडी घरं दिसत राहतात.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण डोंगर चढण्याची पुढची गोष्ट आपल्या सिकंदराबादेतून सुरू होते. तिथे 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. अल्मोड्याला जन्मलेला हा डॉक्टर नोकरी सोडून लिव्हरपूलला गेला, आणि लगेच 1899 च्या ऑगस्टात, भर पावसाळ्यात, मोहीम घेऊन फ्रीटाउनला आला. पावसाळा मुद्दाम निवडला होता : डास तेव्हाच. रॉसच्या मंडळींनी गल्लीबोळ पालथे घातले. अॅनोफिलीस डासाच्या अळ्या त्यांना सापडल्या त्या रस्त्याकडेच्या खळग्यांत, तुंबलेल्या गटारांत, खडकाच्या वाटीएवढ्या डबक्यांत. रॉस यांचा उपाय स्वयंपाकघरातल्या बाईने सुचवावा इतका साधा होता. डबकी बुजवा, गटारं उतारावर आणा, जिथे जमत नाही तिथे तेल ओता. दोनच वर्षांनी ते पुन्हा आले आणि लोक लावून हे काम सुरूही करून दिलं.

पण तेवढ्यात रॉयल सोसायटीच्या दोन डॉक्टरांनी वेगळा सल्ला दिला होता. इथल्या मुलांच्या रक्तात जंतू सर्रास आढळतात, तेव्हा गोऱ्यांनी त्यांच्यापासून लांब राहावं, डास उडून येणार नाही इतकं. सरकारला हा सल्ला जास्त पटला. गटारं खणण्यापेक्षा आपली घरं वर नेणं सोपं. शहराच्या वरच्या डोंगरावर ‘हिल स्टेशन’ वसलं. इंग्लंडहून सुटे भाग आणून लोखंडी खांबांवर उभे केलेले बंगले, फक्त युरोपियनांसाठी. साहेब रोज खाली कचेरीत यायचे, म्हणून 1904 मध्ये खास डोंगरी रेल्वे सुरू केली. ती 1929 मध्ये बंद पडली. मोटारी आल्या होत्या.

त्यांतले काही बंगले अजून उभे आहेत. एकाच्या खाली, खांबांच्या मध्ये, पावसाने अडकून मी अर्धा तास उभी होते. खांब गंजलेत, फळ्यांचा रंग गेलाय, एका खिडकीत टॉवेल वाळत होता. बाजूने लाल पाण्याचा ओघळ उतारावरून खाली पळत होता. तिथून सगळं शहर पायाखाली दिसतं. बंदर, चर्चचे मनोरे, मशिदी, पत्र्यांची दाटी आणि तिच्या टोकाशी तपकिरी समुद्र. ‘वर राहणं’ ही गोष्ट इथे प्रतिष्ठेची कशी झाली, हे तिथे उभं राहिल्यावर न सांगता कळतं. गोरे गेले, 1961 मध्ये देश स्वतंत्र झाला, डोंगर मात्र तसाच साहेबी राहिला. 1991 ते 2002 च्या यादवी युद्धात जीव वाचवायला खेड्यांतून लाखो माणसं शहरात आली. खाली जागा नव्हती. मग पैसेवाल्यांनी वर जंगल तोडून दुमजली घरं बांधली, आणि पैसा नसलेल्यांनी त्या घरांच्याही पलीकडे, जिथे उतारावर उभं राहणं कठीण तिथे, पत्र्याची खोपटी बांधली. या पत्र्याच्या घरांना इथे ‘पॅन बॉडी’ म्हणतात. झाडं गेली, माती उघडी पडली. तो उतार जांभ्याखालच्या ओल्या मातीचा. कोकणात घर असलेल्याने पुढचं वाक्य स्वतःच पुरं करावं.

14 ऑगस्ट 2017. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सोमवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास रीजंटजवळ शुगर लोफ डोंगराची एक कड सुटली आणि माती, दगड, घरं, झाडं ओढ्यात उतरली. ओढा फुगलेला होताच. तो सगळा राडा खाली लमलीपर्यंत वाहत गेला. बरेच लोक झोपेत होते. मेलेले आणि बेपत्ता मिळून अधिकृत आकडा 1,141. ओळख न पटलेल्यांना वॉटर्लूच्या दफनभूमीत पुरलं, इबोलाने मेलेल्यांच्या शेजारी. इबोलाची साथ संपून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दरडीखाली गेलेलं माळीण आपल्याला आठवतं. 30 जुलै 2014, तीही सकाळ, तोही पाऊस. म्हणूनच मी रीजंटला जायचं टाळत होते. शेवटच्या आधल्या दिवशी गेले.

डोंगरावर ती जागा अजून ओळखू येते. आजूबाजूला हिरवं आणि मधे वरून खालपर्यंत एक रुंद पट्टा, त्यावर उगवलेलं गवत आणि झुडपं बाकीच्यांपेक्षा कोवळी. पट्ट्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ मोठी छत्री घेऊन उभे होते. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, की त्या सकाळी आधी आवाज नव्हता, आधी वास आला, ओल्या मातीचा, खूप. मग ते गप्प झाले. थोड्या वेळाने कुठून आलात असं विचारलं आणि पावसात फिरू नका म्हणाले.

डोंगर चढता येतो, पण पाणी चढत नाही. ते खाली जातं, आणि खाली क्रू बे आहे. दोन नाले समुद्राला मिळतात त्या खोबणीत ही वस्ती आहे. क्रू जमातीचे खलाशी इथे पूर्वी राहायचे, त्यांच्यावरून नाव पडलं. वरच्या सगळ्या शहराचं सांडपाणी, प्लॅस्टिक आणि तोडलेल्या डोंगराची माती पावसाळ्यात इथे पोहोचते. एका तरुणाने मला फिरवून आणलं. दारात वाळूची पोती रचलेली. आत पलंगाच्या पायांखाली विटा, गाद्या दोऱ्यांनी आढ्याला टांगलेल्या. पाणी आलं की आधी मुलं, मग गाद्या, मग तांदळाचं पोतं वर. हा क्रम त्याने बोटांवर मोजून दाखवला. जागा संपली तर? ती बनवायची. त्याला ते ‘बँकिंग’ म्हणतात. ओहोटीला जुन्या टायरांची आणि पोत्यांची कड लावायची, आत कचरा आणि चिखल दाबून भरायचा, पुढच्या भरतीला तो बसू द्यायचा, पुन्हा भरायचा. काही महिन्यांत समुद्रात एक खोली उभी राहील एवढी जमीन तयार होते. पायाखाली ती गादीसारखी दबते. मी बेतानेच पाय टाकत होते. माझ्या पुढे एक चार वर्षांची मुलगी टुणटुण उड्या मारत गेली.

आणि इतका पाऊस पडणाऱ्या या गावात मार्च-एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याला रांगा लागतात. शहराचं पाणी बहुतांशी गुमा धरणाचं. धरण साठच्या दशकातलं, तेव्हाच्या लहानशा शहरासाठी बांधलेलं. पिवळे डबे घेऊन मुलं डोंगर चढतात-उतरतात. धरणाच्या वरचं जंगल गेलं तर तेही आटेल. त्याच जंगलात 1995 पासून टाकुगामा हे चिंपांझींचं आश्रयस्थान आहे. मूळचे श्रीलंकेचे बाला अमरसेकरन यांनी ते उभं केलं. आजूबाजूचं जंगल तोडून प्लॉट पाडले जातात याच्या निषेधार्थ त्यांनी 2025 च्या मे अखेरीला पर्यटकांसाठी दार बंद केलं. इथल्या सरकारशी भांडायला चिंपांझींकडे हाच एक मार्ग होता.

झाडं लावण्याचंही काम चाललंय, हेही सांगायला हवं. महापौर इव्हॉन अकी-सॉयर यांनी 2020 मध्ये दहा लाख झाडांची मोहीम काढली. वृक्षारोपणाच्या फोटोंचा आपल्याइतकाच राग इथल्या लोकांनाही असावा, कारण योजना वेगळी आहे. रोप लावणाऱ्याला पैसे लावल्याबद्दल मिळत नाहीत, जगवल्याबद्दल मिळतात. प्रत्येक रोपाला क्रमांक असतो, ठरावीक दिवसांनी फोनवर त्याचा फोटो पाठवायचा. पहिल्या तीन पावसाळ्यांत पाच लाखांच्या पुढे झाडं लागली. कड सुटलेल्या डोंगराला एवढ्याने धरून ठेवता येईल का, याबद्दल मी साशंक आहे. प्लॉट रोपांपेक्षा वेगाने वाढतात. पण ज्यांनी ही झाडं रुजवली, त्यांतल्या एका बाईंनी मला त्यांचं रोप दाखवलं तेव्हा त्या शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा दाखवत होत्या.

शहराच्या मध्यावर पूर्वी एक झाड होतं, आपल्या पांढऱ्या सावरीचं, सगळे त्याला कॉटन ट्री म्हणायचे. नोव्हा स्कोशियातून आलेल्या लोकांनी 1792 मध्ये त्याच्याखाली जमून देवाचे आभार मानले, असं सांगतात. नोटांवर त्याचं चित्र होतं. युद्धातून, विजांतून, आगींतून ते वाचलं. 24 मे 2023 च्या रात्री वळवाच्या वादळात पडलं. मी पाहिलं ते नुसतं खोड, पावसात काळं पडलेलं, माणसाच्या कितीतरी पट रुंद. रिक्षावाले अजूनही त्या चौकाचा पत्ता ‘कॉटन ट्री’ असाच सांगतात.

फ्रीटाउनला जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल, असं प्रवासाची पुस्तकं सांगतात. तेव्हा समुद्र निळा असतो आणि वाळू पांढरी. मी म्हणेन ऑगस्टात जा. एक दिवस हिल स्टेशनला उभे राहा आणि दुसऱ्या दिवशी, ओहोटी बघून, कुणाला तरी सोबत घेऊन क्रू बेला. लुंगीहून निघताना बोटीत लाइफ जॅकेट घट्ट बांधा, आणि पिशवी प्लॅस्टिकमध्ये घाला. शेजारच्या बाईंच्या फडक्यावर नेहमी भागत नाही.